आधी मोनो, मग शिलाई

बीड हे नाव दोन अक्षरांचं. पाटीवर रंगवायला सोपं, रबरी शिक्क्यात बसवायलाही सोपं. शर्टाच्या खिशावर दोऱ्याने भरायचं ठरलं की मात्र पहिल्याच अक्षराला गाडी अडते. 'ब'च्या पोटात एक तिरकी रेघ असते. अक्षराची उंची सहा मिलिमीटर धरली, तर ते पोट जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं. भरतकामाचा ४० नंबरचा दोरा जवळपास अर्धा मिलिमीटर जागा खातो. त्यामुळे रेघ भरली तर पोट बुजतं आणि अक्षराचा गोळा होतो. रेघ गाळली तर शाळा 'वीड'ची होऊन बसते.

तालुक्यागणिक अशी एकेक अडचण आहे. परळीच्या 'ळ'ला दोन डोळे, ते दोन्ही मिटतात. धारूरचा 'ध' जरा गडबडला की 'घारूर' वाचायला मिळतं. आष्टीत 'ष'ला 'ट' जोडलेला, वर वेलांटी. एवढ्याशा जागेत तिघांची दाटी. केज मात्र सुखी आहे. आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं स्वामी रामानंद तीर्थांच्या नावासकट पूर्ण नाव छातीवरच्या नऊ सेंटिमीटरांत भरून दाखवणारा कारागीर अजून जन्मायचा आहे. लोक त्याला 'स्वाराती' म्हणतात ते तोंडाच्या सोयीसाठी. सुईलाही तेच परवडतं.

माळीवेस, सुभाष रोड, जालना रोड या भागांतून हिंडताना 'कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी' अशी पाटी दिसते. कधी ती गणवेशाच्या दुकानाच्या कोपऱ्यात असते, कधी ब्लाउज शिवणाऱ्या बाईंच्या जिन्याखाली. या धंद्यात लोगोला 'मोनो' म्हणतात. शाळेचा मोनो, पेट्रोल पंपाचा मोनो, पतसंस्थेचा मोनो. खाजगी शाळा, शिकवण्या, दवाखाने, कृषी सेवा केंद्रं, हॉटेलं, पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या, सगळ्यांना तो हवा असतो. आणि जवळजवळ सगळ्यांना तो सर्वांत शेवटी आठवतो.

हे आठवणं म्हणजे काय, ते दुकानाच्या कट्ट्यावर अर्धा तास बसलं की कळतं. गिऱ्हाईक येतं ते शिवून तयार शर्टांचा गठ्ठा घेऊन. सोमवारी उद्घाटन आहे, नाहीतर पाहुणे येणार आहेत. मोनो कुठे आहे, असं विचारलं की मोबाइल पुढे होतो. त्यात व्हॉट्सॲपवरून पाच जणांच्या हातून आलेला, कडा विरघळलेला एक गोल. कधी शाळेच्या बसवर रंगवलेल्या मोनोचा फोटो, तोही तिरका काढलेला. कधी लेटरहेडचा तुकडा. दुकानदार विचारतो, फ्लेक्सवाल्याकडे याची कोरल फाइल असेल ना? असतेच. बीडमध्ये वाढदिवसाच्या फलकांची कमतरता कधी नव्हती, त्यामुळे प्रत्येक संस्थेचा मोनो कोणत्या ना कोणत्या फ्लेक्सच्या दुकानात कोरल ड्रॉमध्ये पडून असतो. तिथून तो मागवायचा. इथवर ठीक.

खरी पंचाईत पुढे आहे. मोनो हवा असतो खिशावर, आणि खिसा तर शिवून झालेला. तयार शर्ट फ्रेममध्ये ताणला की खिशाचं कापड आणि त्यामागचं शर्टाचं कापड दोन्ही एकदम सुईखाली येतात. भरतकाम सुरेख होतं, फक्त खिसा कायमचा शिवला जातो. पेन अडकवायला गेलं की लक्षात येतं. मग उपाय दोनच: खिसा उसवून काढायचा, भरायचा, पुन्हा लावायचा, किंवा मोनो खिशाच्या वर, बोटभर जागा सोडून घ्यायचा. दुकानदार दुसरा सुचवतो, गिऱ्हाईक नाराजीने मान हलवतं. जाणता शिलाईवाला खिशाचे कापलेले तुकडे आधी भरतकामाला पाठवतो आणि मग शर्ट शिवतो. सपाट तुकडा फ्रेममध्ये नीट बसतो, कापडाला चुण्या पडत नाहीत, एखादा तुकडा बिघडला तर बिघाड तुकड्यापुरताच राहतो. पूर्ण शर्ट हातातून जात नाही. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी गिऱ्हाइकाने पंधरा दिवस आधी यायला हवं. पंधरा दिवस आधी मोनोवर कार्यकारिणीचं एकमत झालेलं नसतं.

यंत्र चालताना जवळून बघावं. एका डोक्याचं यंत्र, त्यावर बहुधा पंधरा सुयांची ओळ, वर पंधरा रंगांची रिळं. फ्रेममध्ये कापड, त्याच्या पाठीला कागदासारखं न विणलेलं अस्तर. दुकानात त्याला नुसतं 'पेपर' म्हणतात. सुई जागच्या जागी वरखाली होते आणि फ्रेम तिच्याखाली सरकते, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला उलटं वाटतं. आधी सुई एक विरळ, वेडावाकडा धावदोरा घालते. बघणारा घाबरतो, की हे काय भलतंच! ती पायाभरणी असते; वरचा टाका कापडात रुतू नये म्हणून. मग त्यावर दाट भरीव टाके चढतात, आधी खालचा रंग, मग वरचा, अक्षरं सर्वांत शेवटी. मिनिटाला सातशे-आठशे टाके पडतात. मध्येच दोरा तुटतो, यंत्र स्वतःहून थांबतं आणि शिट्टी देतं. ऑपरेटर बाई उठतात, दोरा ओवतात, आठ-दहा टाके मागे जाऊन पुन्हा सुरू करतात. मागे न जाता सुरू केलं तर तिथे एक बारीक फट राहते, आणि धुलाईगणिक ती उसवत जाते. वीज गेली तरी तेच. नवी यंत्रं आपण कुठे थांबलो ते लक्षात ठेवतात. पण त्या वेळात कुणी फ्रेमला धक्का दिला असेल, तर पुढचं सगळं काम एक मिलिमीटर बाजूला सरकलेलं निघतं. कमळाची पाकळी एकीकडे, तिची काठरेघ दुसरीकडे.

हिशेब टाक्यांवर चालतो. छातीवरचा साधा मोनो पाच ते आठ हजार टाक्यांचा. आठ हजार टाके म्हणजे दहा मिनिटं, शिवाय रंग बदलणं, फ्रेम काढणं-लावणं. बारा मिनिटं धरा. दोनशे शर्ट असतील तर एका डोक्याच्या यंत्रावर चाळीस तास. तेच काम बारा डोक्यांच्या यंत्रावर साडेतीन तासांत उरकतं, कारण तिथे एका वेळी बारा खिसे भरले जातात. 'एका शर्टाला इतके आणि शंभर शर्टांना इतके कसे?' या गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर निम्मं इथे आहे. उरलेलं निम्मं पंचिंगमध्ये.

पंचिंग म्हणजे चित्राची टाक्यांत मांडणी. कोणता भाग कोणत्या दिशेने भरायचा, टाका किती लांब, सुई कुठून शिरून कुठे बाहेर पडणार, हे सगळं आधी संगणकावर ठरतं. नाव जुन्या काळातून आलं आहे. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन भागात इझाक ग्रोब्लीने शिफ्ली यंत्र काढलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्याच मुलाने ते भोकं पाडलेल्या पट्टीवर आपोआप चालवलं. पट्टीला भोकं पाडणारा तो पंचर. जपानच्या ताजिमा कंपनीची अनेक डोक्यांची यंत्रं १९६४ पासूनची. १९८०च्या सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या विलकॉमने हे काम संगणकावर आणलं. आज बीडच्या दुकानात पेनड्राइव्हवर जी फाइल येते ती ताजिमाच्याच नावाची, डीएसटी. यंत्र चिनी असलं तरी फाइल डीएसटी.

सॉफ्टवेअरमध्ये तयार अक्षरं असतात, पण ती बहुधा रोमन वळणाची. इंग्रजीत नाव टाइप केलं की टाके हजर. देवनागरीला बहुतेक वेळा हाताने बसवावं लागतं. शिरोरेषा आधी की अक्षरं आधी? आधी अक्षरं भरून वरून एकसंध रेघ ओढली तर नाव सरळ दिसतं. अक्षरागणिक तुकड्या-तुकड्याने रेघ भरली तर ती पायऱ्यांसारखी वरखाली होते. भरीव टाका कापडाला आत ओढतो, त्यामुळे पडद्यावर असते त्याहून रेघ बारीक उतरते. म्हणून ती आधीच थोडी जाड घ्यावी लागते. पण जाड घेतली की 'ब'चं पोट गेलंच. अनुस्वार तर निव्वळ तीन-चार टाक्यांची गाठ, दोन धुलाईत उडून जाते. चांगला पंचर अशा वेळी 'ब'ची तिरकी रेघ भरतच नाही. तो दोन बाजूंचे टाके असे थांबवतो की मधे कापडाचीच एक तिरकी फट मोकळी राहते आणि तीच रेघ म्हणून वाचली जाते. ही युक्ती कोणत्याही पुस्तकात मी वाचलेली नाही, खिशांवर पाहिलेली आहे. असा पंचर गावात क्वचित सापडतो. फाइल बऱ्याचदा सुरतेहून बनून येते. तिथल्या पंचरला मराठी येत असेलच असं नाही. त्याला ती फक्त आकृती. 'धारूर'चं 'घारूर' होण्याचा रस्ता तोच.

मोनो तयार करणाऱ्यांनी दोऱ्याचा विचार केलेला नसतो, हेही खरं. आपल्याकडच्या शैक्षणिक संस्थांना मोनोत सगळं हवं असतं: उगवता सूर्य, उघडं पुस्तक, समई, पेन, दातेरी चाक, खाली कमळ, भोवती संस्कृत बोधवाक्य आणि स्थापनेचं साल. रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष घ्या. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी उभी केलेली ही संस्था. बोधचिन्हातला वड कागदावर शोभून दिसतो. खिशावर त्याच्या पारंब्या वेगळ्या राहाव्यात असं वाटत असेल, तर निम्म्या काढाव्या लागतात. सोनेरीतून केशरीत विरघळणारा सूर्य दोऱ्यात येतच नाही. दोऱ्याला एकच रंग असतो. बोधवाक्य तीन मिलिमीटरचं असेल तर ते वाचनीय होणार नाही, हे दुकानदाराने सांगितलं की संस्थाचालकांना अपमान वाटतो. माझं मत विचाराल तर छातीवर बोधवाक्य नकोच. ते वाचायला जितकं जवळ जावं लागतं, तितकं जवळ अनोळखी माणसाच्या कुणी जात नाही.

मोठी ऑर्डर मात्र बीडमध्ये थांबत नाही, ती सोलापूरला जाते. चादरी आणि टॉवेलांच्या या गावाने गेल्या काही दशकांत शालेय गणवेशात जम बसवला. तिथल्या रेडिमेड कापड उत्पादकांनी २०१७ पासून गणवेशाची मोठी प्रदर्शनं भरवली, बाहेरच्या राज्यांतले व्यापारी आणले. बीड ते सोलापूर एकच सलग महामार्ग, मधे तुळजापूर. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून पहिली रेल्वे सुटली खरी, पण ती अहिल्यानगरकडे. गणवेशाचे गठ्ठे अजून रस्त्यानेच येतात. सोलापुरात कापड, कटिंग, मोनो, शिलाई, काज-बटण सगळं एका आवारात किंवा एका गल्लीत होतं. तिथे खिशाचा तुकडा शर्टाच्या आधी सुईखाली जातो, कारण कामाची साखळीच तशी लावलेली आहे. आठशे मुलांच्या शाळेला तिथला भाव बीडच्या भावाहून कमी पडतो, यात नवल नाही. बीडच्या दुकानाच्या वाट्याला उरतात ते मधल्या सत्रात आलेले विद्यार्थी, माप चुकलेले शर्ट, बारा कर्मचाऱ्यांचा दवाखाना आणि 'उद्या पाहिजे'वाले.

शर्ट आधी, मोनो नंतर या उलट्या क्रमाची सवय फक्त गिऱ्हाइकाची म्हणावी, तर सरकारनेही ती राज्याच्या मापाने करून दाखवली. समग्र शिक्षा अभियानातून जिल्हा परिषदेच्या आणि इतर पात्र शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात. एका गणवेशाला ३०० रुपये. पूर्वी हे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडे जायची, शिंपी शाळेत येऊन मापं घ्यायचा. त्यात कुठे काय मुरायचं, हा विषय वेगळा. दीपक केसरकर शालेय शिक्षणमंत्री असताना 'एक राज्य, एक गणवेश' आलं आणि २०२४-२५ साली कापडाची खरेदी राज्य पातळीवरून झाली. एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांनी शिवायचा, दुसरा स्काउट-गाइडचा, त्याचं कापड शाळेला मिळणार आणि शिलाई गावात; शिलाई व वरखर्च धरून ११० रुपये. खांद्यावर पट्ट्या आणि दोन खिसे असलेला शर्ट त्या पैशांत शिवून द्यायला शिंपी तयार होईनात. आकार अंदाजाने ठरलेले. स्वातंत्र्यदिन उलटला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते. पोचले तिथे पहिलीतल्या पोराचे हात बाहीतून दिसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला.

या गोष्टीशी मोनोचा संबंध काय, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. २०२४च्या त्या गणवेशाने शाळाशाळांतला फरकच पुसला. सगळ्या राज्याचा रंग एक, मग शाळा कोणती याला अर्थ उरला नाही. आणि बचत गटातल्या बायकांना दोष देण्यात तर काहीच हशील नाही. बीडसारख्या जिल्ह्यात शिवणकाम शिकलेल्या बायका गावोगाव आहेत. सध्या आरी वर्कच्या शिकवण्यांना गर्दी आहे, ब्लाउजच्या पाठीवर मोर काढणारे हात आहेत. गेवराई, माजलगाव, धारूर, परळीकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांचा आरशांचा, कवड्यांचा कशिदा अजून जुन्या पेटीत सापडतो. मापं घेऊन, कापड हातात देऊन, वेळेत पैसे देऊन काम सांगितलं असतं तर ते झालं असतं. कापड आधी निघालं, मापं नंतर निघाली.

जिल्ह्यात कुणाच्या छातीवर मोनो आहे आणि कुणाच्या नाही, याची मोजदाद केली तर वेगळंच चित्र दिसतं. पंधरा माणसांच्या मोबाइल दुकानाला मोनो आहे. पोलीस भरतीच्या अकादम्यांना तर आहेच. तिथली मुलं पहाटे मैदानावर एकाच रंगाच्या टी-शर्टात धावतात, आणि त्यातल्या काहींना पाठीवर 'पोलीस' आणि छातीवर अशोकस्तंभ हवा असतो. दुकानदाराने तिथे नाही म्हणायला हवं. राष्ट्रीय मानचिन्हाचा असा वापर २००५च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि भरतीआधीच गुन्हा ही काही चांगली सुरुवात नव्हे. परदेशी बुटांच्या कंपनीची खूण भरून मागणाऱ्यांचंही तेच. ती नोंदणीकृत खूण दुसऱ्याच्या मालकीची असते. मल्टिस्टेट पतसंस्थांचे मोनो तर एके काळी जिल्ह्यात सर्वांत देखणे होते. २०२३-२४ मध्ये त्यांतल्या काहींची शटरं खाली आली, ठेवीदार रस्त्यावर आले. भरतकाम सहज उसवत नाही, हा त्याचा गुण अशा वेळी अंगावर येतो.

आणि ज्यांच्या कष्टावर राज्यातले साखर कारखाने पेटतात त्या लाखो ऊसतोड मजुरांना कसलाच मोनो नाही. ते कारखान्याचे नोकर नाहीत. मुकादमाची उचल घेतलेली, कोयत्याच्या हिशेबाने मोजली जाणारी जोडपी आहेत. दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीकडून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. फडात ऊस तोडणाऱ्या बाईकडे नीट बघा. पाचटाने हात कापू नयेत म्हणून साडीवर तिने पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो, नवऱ्याचा, पोराचा नाहीतर कुणी दिलेला जुना. त्यावर कधी एखाद्या सुरक्षा एजन्सीचा मोनो असतो, कधी कुठल्याशा कॉलेजचा. शर्ट विटलेला, कॉलर फाटलेली, पण पॉलिस्टर दोऱ्याचं ते वर्तुळ जसंच्या तसं. तिचा त्या संस्थेशी काडीचा संबंध नसतो. तिचा खरा संबंध ज्या कारखान्याशी आहे, त्याचा मोनो तिच्या अंगावर दिसणार नाही, कारण तो घातला तर ती त्याची कामगार ठरेल.

तर, ऑर्डर द्यायची कशी? दिवाळीनंतर लग्नसराई आहे, जानेवारीत स्नेहसंमेलनं आहेत, मार्चमध्ये पुढच्या वर्षीच्या गणवेशाची बोलणी सुरू होतात, त्यामुळे प्रश्न अवेळी नाही. मोनो घेऊन जा, शर्ट नंतर. फोटो नको, कोरल फाइल किंवा पीडीएफ द्या, फ्लेक्सवाल्याकडे ती आहे. नाव शक्य तितकं लहान करा. अक्षर सहा मिलिमीटरहून खाली नेऊ नका. 'ब', 'ळ', 'ध', 'ष' असलेली नावं तर आठवरच घ्या. रंग चारच्या आत ठेवा. टी-शर्टाचं कापड ताणलं जातं, म्हणून मागचा पेपर फाडून काढायचा नाही, कापून काढायचा लावा असं सांगा. फाडायचा लावला तर दोन धुलाईत मोनोभोवती चुण्या येतात. टोपीवर भरायचं असेल तर मोनो आडवा आणि ठेंगणा असू द्या, कारण टोपीची फ्रेम वाकडी असते आणि उंच चित्र वरच्या टोकाला ताणतं. पंचवीस-तीस टी-शर्ट एका दिवसापुरतेच हवे असतील, क्रिकेटच्या स्पर्धेसाठी म्हणा, तर भरतकामाच्या वाटेला जाऊ नका. छपाई स्वस्त पडते आणि एका मोसमाला पुरते.

नमुना भरून घ्या, आणि तो ज्या कापडाचे शर्ट आहेत त्याच कापडावर भरून घ्या. दुकानात दाखवतात तो नमुना जाड पांढऱ्या कापडावरचा असतो. त्यावर काहीही छान दिसतं. नमुना घरी नेऊन गरम पाण्यात, साबणात, हाताने चोळून धुवा. रेयॉनचा दोरा चकाकतो जास्त, पण ब्लीचिंगचं पाणी लागलं की फिकट होतो. दवाखान्याच्या कपड्यांना पॉलिस्टरच मागा. धुतलेला नमुना सहा हात लांब धरून नाव वाचायला लावा, आणि वाचायला लावायचं ते ज्याला नाव माहीत नाही अशा माणसाला.

शेवटचं फाइलचं. पंचिंगचे पैसे एकदाच आणि वेगळे द्यावे लागतात, ते रास्त आहे; त्यात कुणाची तरी दोन-तीन तासांची नजर गेलेली असते. पण पैसे दिले की डीएसटी फाइल मागून घ्या, ती देणार का हे पैसे देण्याआधी विचारा, आणि पावतीवर तसं लिहून घ्या. काही दुकानदार देत नाहीत. त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नाही: फाइल दिली की पुढची ऑर्डर सोलापूरला जाते. यावर मधला मार्ग काही ठिकाणी निघाला आहे. पहिल्या ऑर्डरला पंचिंगचे निम्मे पैसे, दुसऱ्या ऑर्डरला उरलेले निम्मे, आणि मग फाइल संस्थेची. फाइल मिळाली की ती अध्यक्षांच्या मोबाइलवर ठेवू नका, कारण कार्यकारिणी बदलली की ती मोबाइलबरोबर जाते. शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावर ठेवा, दोऱ्याच्या रंगांचे नंबर एका कागदावर लिहून स्टॉक रजिस्टरला लावा आणि त्याखाली मोनोची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा.